आयसीयूतला शेवटचा निर्णय : कोणी घ्यायचा, केव्हा घ्यायचा

"काही झालं तर छाती दाबायची का, व्हेंटिलेटर लावायचा का, ते ठरवा आणि इथे सही करा." आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकाला हे वाक्य बहुधा रात्रीच ऐकावं लागतं. फॉर्म पुढे करणारा निवासी डॉक्टर आदल्या सकाळपासून ड्यूटीवर असतो, नातेवाईक त्याहून जास्त थकलेला. "तुम्हीच सांगा डॉक्टर, तुमचे वडील असते तर काय केलं असतं?" असा प्रश्न येतो. "निर्णय तुमचाच," असं उत्तर मिळतं. मग पेन हातात धरलेला मुलगा फोन लावत सुटतो : मामाला, पुण्याच्या काकांना, अमेरिकेतल्या भावाला. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं त्याला कोणी कधी विचारलेलं नसतं. आज तो बोलू शकत नाही. महिन्यापूर्वी बोलू शकत होता.

गेल्या पंधरा वर्षांत भारतात या प्रश्नावर बरंच काही घडलं. सर्वोच्च न्यायालयाचे तीन महत्त्वाचे निकाल आले, वैद्यकीय संस्थांनी मार्गदर्शक सूचना काढल्या, महाराष्ट्र आणि गोव्यात शेवटच्या उपचारांविषयीची इच्छापत्रं जपून ठेवण्याची सोय झाली. तरी आयसीयूच्या दाराशी चालणारा संवाद तसाच आहे. माझ्या मते आपल्याकडची अडचण आता परवानगीची फारशी उरलेली नाही, ती वेळेची आणि बोलण्याची आहे. उपचार कुठे थांबवायचे हे इथे रोज ठरतं, पण उपचाराचा भाग म्हणून ठरत नाही. ज्याचे पैसे संपतात तो पेशंटला घरी नेतो, ज्याचे संपत नाहीत तो भीतीपोटी सगळं चालू ठेवतो. पेशंटला स्वतःला काय हवं होतं, हा प्रश्न दोन्हीकडे बाजूला पडतो.

ही यंत्रं मुळात कोणासाठी आली, तिथून सुरुवात करायला हवी. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं गुदमरत होती, त्यात मुलं पुष्कळ. ब्लेगडॅम रुग्णालयात ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलायची, ही युक्ती वापरली. पिशव्या दाबायला वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस बसले आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. पुढच्या वर्षी इब्सेनने त्याच शहरात अशा अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथपासून मानतात. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, नुसत्या हातांनी छातीच्या हाडावर दाब देऊन बंद पडलेलं हृदय चालू करता येतं, हे दाखवलं. त्यांच्या त्या निबंधात वीस रुग्ण होते आणि त्यातले चौदा वाचले.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. त्या वीस जणांतल्या बऱ्याच जणांचं हृदय भूल देताना किंवा शस्त्रक्रियेच्या सुमारास अचानक थांबलं होतं. बाकी शरीर शाबूत, कारण तात्पुरतं, मदतीला माणसं जवळ. कोपनहेगनच्या रुग्णांचंही तसंच : स्नायू परत कामाला लागेपर्यंत काही आठवडे कोणीतरी श्वास द्यायचा होता. दोन्ही शोध परतीची वाट असलेल्या माणसांसाठी होते. पुढे यंत्रं सुटसुटीत झाली, सगळीकडे पोचली आणि वापराची मर्यादा कोणी घालून दिली नाही. मरणारा प्रत्येक माणूस हृदय थांबूनच मरतो. त्यामुळे हृदय थांबलेल्या प्रत्येकाची छाती दाबायची असं ठरलं, तर मरण्याच्या प्रत्येक प्रसंगी छाती दाबावी लागते. आयसीयूत नेमकं हेच झालं.

शंका मात्र लवकर आल्या होत्या. १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांनीच पोप पायस बारावे यांना विचारलं होतं की आशा नसलेल्या रुग्णाचं श्वासाचं यंत्र चालू ठेवायला आम्ही बांधील आहोत का. सर्वसाधारण उपचार करणं कर्तव्य आहे, असाधारण उपायांची सक्ती नाही, असं उत्तर मिळालं. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने बेशुद्धावस्थेतल्या कॅरन अ‍ॅन क्विनलन या तरुणीचा व्हेंटिलेटर काढण्याचा वडिलांचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी बोस्टनच्या दोन रुग्णालयांनी, कोणाच्या बाबतीत पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करायचा नाही हे ठरवण्याची आपली लेखी पद्धत जाहीर केली. तोवर अशा सूचना तोंडी, दबक्या आवाजात दिल्या जात.

छाती दाबणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे सही करणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा छातीचं हाड पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाबावं लागतं. वयस्कर माणसाच्या बरगड्या त्यात पुष्कळदा मोडतात. दर तीन ते पाच मिनिटांनी अ‍ॅड्रिनलिन देतात. हृदयाची लय शॉकने सुधारण्यासारखी असेल तर शॉक देतात, पण आयसीयूत खालावत गेलेल्या रुग्णाची लय बहुतेकदा तशी नसते. प्रगत देशांतल्या रुग्णालयांमध्ये हृदय थांबलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा जिवंत घरी जातो, आणि या सरासरीत हार्ट अटॅकने अचानक कोसळलेला पन्नाशीचा माणूसही आला. पसरलेला कॅन्सर, निकामी झालेलं यकृत, रक्तदाबाची दोन-तीन इंजेक्शनं आधीच चालू, व्हेंटिलेटर आधीच लावलेला, अशा रुग्णाचं हृदय थांबतं तेव्हा तो अपघात नसतो, आजाराचा शेवट असतो. श्वास आणि रक्तदाब सांभाळण्याचे जवळजवळ सगळे उपाय चालू असतानाच ते थांबलेलं असतं. दाब देऊन ते पुन्हा सुरू झालंच, तरी बहुतेकदा काही तासांत थांबतं.

लोकांच्या मनातलं चित्र वेगळं असतं आणि त्याला कारण आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू ९११' या दूरचित्रवाणी मालिकांचे भाग तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या मालिकांत छाती दाबलेल्यांपैकी तीन चतुर्थांश जण तिथल्या तिथे वाचत होते आणि दोन तृतीयांश घरीही जात होते. आपल्याकडच्या सिनेमा-मालिकांत याहून वेगळं काही दिसत नाही. म्हणून "छाती दाबू नका" असं लिहून देणं नातेवाइकाला हातातली संधी सोडल्यासारखं वाटतं. त्याला शक्यता सांगितलेली नसते, फक्त पर्याय सांगितलेला असतो.

आणखी एक गैरसमज आहे, तो डॉक्टरांमध्येही दिसतो. छाती न दाबण्याची नोंद केली म्हणजे रुग्णाचे बाकीचे उपचार सैल करायचे, असा त्याचा अर्थ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये या विषयावर एकमताने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हे स्पष्ट आहे. हृदय थांबलं तर काय करायचं नाही, एवढंच त्या नोंदीने ठरतं. प्रतिजैविकं, ऑक्सिजन, डायलिसिस, वेदनाशामकं यांचा निर्णय स्वतंत्र. ही नोंद रुग्णाशी किंवा जवळच्यांशी बोलून करायची, कागदावर करायची आणि प्रकृती बदलली तर पुन्हा तपासायची.

ही नोंद करायला डॉक्टर कचरतात, तेव्हा वेगळंच काहीतरी घडतं. आत्तापर्यंत कोणी काही ठरवलेलं नाही, नातेवाईक बाहेर वीस-पंचवीस जण, एखाद्याचा आवाज चढलेला. अशा वेळी उपयोग नाही हे माहीत असूनही छाती दाबली जाते, बाहेर दिसावं म्हणून. "शेवटपर्यंत प्रयत्न केले" हे वाक्य बोलता यावं म्हणून. डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरी ही धास्ती गेलेली नाही आणि ती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण तिची किंमत आतल्या माणसाच्या बरगड्यांनी मोजली जाते. उलट, छाती दाबताना जवळच्या नातेवाइकाला आत थांबू दिलं तर काय होतं, याचा फ्रान्समध्ये अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो घरी बोलावलेल्या तातडीच्या पथकांच्या रुग्णांचा होता. ज्यांना आत थांबायला दिलं त्यांना नंतरच्या काळात मानसिक धक्क्याची लक्षणं कमी दिसली आणि उपचारांत अडथळाही आला नाही. आपल्याकडे दार बंद ठेवण्याची सवय इतकी पक्की आहे की हा प्रयोग करून बघायचं सुचतही नाही.

आता कायद्याकडे. भारतातला हा कायदा एका अशा रुग्णाभोवती घडला जी बहुतेक काळ आयसीयूत नव्हतीच. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. पुढची चार दशकं त्या केईएमच्याच एका खोलीत होत्या. तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना हाताने भरवलं, अंग पुसलं, अंथरुणात व्रण होऊ दिला नाही. त्यांना भरवणं थांबवावं या पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : या प्रकरणात परवानगी नाही, कारण केईएमचे कर्मचारीच त्यांचे जवळचे आहेत आणि ते तयार नाहीत. पण तत्त्व म्हणून, उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवनरक्षक उपचार काढता येतील. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने शानबाग यांचा मृत्यू झाला.

त्या परिचारिकांची शुश्रूषा मराठी समाजाने आदराने आठवावी अशीच आहे. पण प्रकरण आयसीयूतल्या नेहमीच्या प्रश्नापासून फार दूरचं होतं. शानबाग यांच्या बाबतीत प्रश्न हाताने भरवलेल्या अन्नाचा होता. आयसीयूत प्रश्न असतो दोन दिवसांत, चार दिवसांत मरणार असलेल्या माणसाच्या यंत्रांचा. त्याच्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करणं म्हणजे काय, हे कोणालाही कळेल.

९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुढचं पाऊल टाकलं. सन्मानाने जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरण्याचाही समावेश आहे, आणि शुद्धीत असताना माणूस आपल्या शेवटच्या उपचारांविषयी आगाऊ लिहून ठेवू शकतो, हे मान्य झालं. पण घालून दिलेली पद्धत इतकी लांबलचक होती की वापरात आणणं कठीण. न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, वीस वर्षं अनुभव असलेल्या तज्ज्ञांची मंडळं, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचं दुसरं मंडळ, मग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रत्यक्ष भेट. अतिदक्षता तज्ज्ञांच्या भारतीय संस्थेने न्यायालयाकडे पुन्हा दाद मागितली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी झाली. इच्छापत्र आता दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित केलं की पुरतं. रुग्णालयातलं पहिलं मंडळ म्हणजे उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. न्यायदंडाधिकाऱ्यांना आता कळवायचं असतं, त्यांनी येण्याची वाट बघायची नसते. इच्छापत्र नसलेल्या रुग्णासाठीही जवळच्यांच्या संमतीने हाच मार्ग खुला आहे.

महाराष्ट्रात इच्छापत्राची प्रत ठेवायची कुठे, हा साधा प्रश्न मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि त्यातून राज्यभरातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ती जपणारे अधिकारी नेमले गेले. गोव्यात २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून सुरुवात केली. कर्नाटकाने त्याच वर्षाच्या सुरुवातीला ही पद्धत राबवण्यासाठी आपल्या रुग्णालयांना आदेश काढला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये जीवनरक्षक उपचार काढण्याविषयी मसुदा सूचना लोकांपुढे ठेवल्या, त्यावर डॉक्टरांच्याच संघटनेने आक्षेप घेतले.

कागदावर एवढं सगळं झालं तरी दुसरं मंडळ ही खरी अडचण आहे. मुंबई-पुण्यात तज्ज्ञ मिळतील. गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये तीन तज्ज्ञ अठ्ठेचाळीस तासांत कुठून आणायचे? आणि मोठ्या शहरातही, रुग्णालयाने नावं आधीच निश्चित करून घेतलेली नसतील तर शनिवारी रात्री फोनाफोनी करून मंडळ बसत नाही. ही यादी तयार ठेवायला नवा कायदा लागत नाही. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने ठरवायचं काम आहे.

मंडळ बसत नाही तेव्हा काय होतं? डामा होतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वॉर्डात हा शब्द माहीत आहे : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. "आम्ही आमच्या जबाबदारीवर नेत आहोत" अशी सही होते, बिल भागवलं जातं, नळी तशीच ठेवून रुग्णाला गाडीत घातलं जातं. वाटेत एखादा नातेवाईक हाताने पिशवी दाबत बसतो. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी जी पिशवी माणसं जगवायला दाबली, तिच्याच वंशातली पिशवी इथे तालुक्याच्या रस्त्यावर एक भाचा दाबत असतो, आणि ती केव्हा थांबवायची हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मॉर्फिन दिलेलं नसतं. घरी पोचल्यावर धाप लागली तर काय करायचं, याची चिठ्ठी नसते. मृत्यूचा दाखला कोण देणार, हेही ठरलेलं नसतं. कागदोपत्री डॉक्टरने काहीच थांबवलेलं नाही, नातेवाइकाने सल्ला मोडला आहे.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या चार आयसीयूंच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मृत्यूंच्या आधी काही ना काही उपचार सीमित केले गेल्याचं दिसलं. कायदा तेव्हा गप्प होता. सार्वजनिक रुग्णालयात हे प्रमाण खासगी आणि कॅन्सर रुग्णालयांपेक्षा कमी होतं. मला त्याचा अर्थ असा दिसतो की बोलायला डॉक्टरकडे वेळ असेल आणि ऐकणारा विचारण्याइतका धीट असेल, तिथेच हा निर्णय निर्णय म्हणून होतो.

डामाच्या वाटेचा शेवट कुठे होतो हे दक्षिण कोरियाने पाहिलं आहे. १९९७ मध्ये सोलच्या बोरामे रुग्णालयात एका बाईने खर्च झेपत नाही म्हणून व्हेंटिलेटरवरच्या नवऱ्याला घरी न्यायचा आग्रह धरला, डॉक्टरांनी सोडलं, रुग्ण गेला. खटला चालला आणि २००४ मध्ये त्या डॉक्टरांची हत्येला साहाय्य केल्याबद्दलची शिक्षा कायम झाली. त्यानंतर कोरियातली रुग्णालयं कोणालाच सोडेनात. निरुपयोगी उपचार वर्षानुवर्षं चालू राहिले. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका वृद्धेचा व्हेंटिलेटर काढायला परवानगी दिली, आणि २०१८ पासून स्वतंत्र कायदा लागू झाला. वीस लाखांहून अधिक कोरियन लोकांनी आपली इच्छा नोंदवून ठेवली आहे. ही संख्या न्यायालयाच्या निकालाने आलेली नाही. नोंदणीची केंद्रं जवळपास आहेत, अर्ज सोपा आहे आणि रुग्णालयाला ती नोंद संगणकावर दिसते.

उपचार सुरूच न करणं आणि सुरू केलेले काढून घेणं, यांत नैतिक फरक नाही असं या विषयाचे बहुतेक अभ्यासक मानतात. पण हाताला तो फरक जाणवतो. आशियातल्या सोळा देशांच्या आयसीयू डॉक्टरांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आशा नसलेल्या रुग्णाचे नवे उपचार रोखून धरणारे सत्तर टक्के होते, चालू उपचार काढणारे वीस टक्क्यांच्या आसपास. इस्रायलच्या २००५ च्या कायद्याने या संकोचाला एक चमत्कारिक उत्तर दिलं : अखंड चालणारा व्हेंटिलेटर काढता येत नाही, पण त्याला वेळेचं बटण लावता येतं. ठरलेली वेळ संपली की यंत्र पुन्हा सुरू करायचं की नाही हे ठरवायचं, म्हणजे काढण्याचं रूपांतर सुरू न करण्यात होतं. मला हा कायदा ढोंगी वाटत नाही. धर्म आणि यंत्र यांच्या कात्रीत सापडलेल्या समाजाने डॉक्टरचा हात मोकळा करण्यासाठी काढलेली ती वाट आहे.

आपल्याला मात्र त्याहून साधी गोष्ट पुरेल : मुदतीचा उपचार. व्हेंटिलेटर लावतानाच सांगायचं की आपण पाच दिवस सगळे प्रयत्न करू, पाचव्या दिवशी एकत्र बसू, अमुक सुधारणा दिसली तर पुढे जाऊ, नाही दिसली तर त्रासदायक उपाय कमी करून वेदना आणि धाप यांच्याकडे लक्ष देऊ. हे पहिल्या दिवशी सांगितलं की पाचव्या दिवशीचं बोलणं विश्वासघात वाटत नाही. "मशीन एकदा लावलं की काढता येत नाही," असं सांगून घाबरवणं चूक आहे. त्या भीतीने काही घरं उपयोगी पडला असता असा व्हेंटिलेटरही नाकारतात.

उलट बाजूची भीतीही खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. इस्टेटीसाठी म्हाताऱ्या विधवेचे उपचार लवकर थांबवले जातील, अपंग माणसाचं आयुष्य कमी मोलाचं धरलं जाईल, गरिबाला "आता काही उपयोग नाही" हे लवकर ऐकवलं जाईल. ब्रिटनमध्ये कोविडच्या काळात वृद्धाश्रमांतल्या आणि अपंग व्यक्तींच्या कागदांवर न विचारता छाती न दाबण्याची नोंद झाल्याच्या तक्रारी आल्या आणि तिथल्या देखरेख यंत्रणेला चौकशी करावी लागली. तिथल्या अपील न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलं होतं की अशी नोंद करण्यापूर्वी रुग्णाशी बोलणं बंधनकारक आहे. मेंदूला मार लागलेल्या तरुणाबाबत घाई तर विशेष धोक्याची. हृदय थांबून पुन्हा सुरू झाल्यावरही मेंदूचं भवितव्य सांगण्याआधी किमान बहात्तर तास थांबावं, असा दंडक आहे. म्हणून दुसरं मत, लेखी कारण आणि पुन्हा तपासणी या तीन गोष्टी मी सोडायला तयार नाही. दोन मंडळं त्यासाठीच आहेत. ती अडथळा न होता पहारा कशी होतील, एवढंच बघायचं.

आता घराकडे वळू. अमेरिकेत १९९५ मध्ये पाच रुग्णालयांतल्या नऊ हजारांहून अधिक गंभीर रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. छाती दाबू नये अशी रुग्णाची इच्छा असताना ती निम्म्याहून कमी डॉक्टरांना माहीत होती. ती कळवायला खास परिचारिका नेमल्या, तरी फरक पडला नाही. माहिती पोचवणं म्हणजे संवाद नव्हे, हे त्यातून दिसलं. पुढे फ्रान्समधल्या बावीस आयसीयूंत एक वेगळा प्रयोग झाला, तो २००७ मध्ये छापून आला. मरणाऱ्या रुग्णाच्या कुटुंबाशी ठरवून, बसून, जास्त वेळ बोलायचं. डॉक्टरने कमी बोलायचं आणि कुटुंबाला जास्त बोलू द्यायचं. रुग्ण माणूस म्हणून कसा होता ते विचारायचं, आणि जाताना एक छोटी पुस्तिका द्यायची. तीन महिन्यांनी त्या नातेवाइकांमध्ये नैराश्य आणि धक्क्याची लक्षणं स्पष्टपणे कमी होती. यंत्र नाही, औषध नाही. खुर्च्या, वेगळी खोली आणि अर्धा तास. आपल्या बहुसंख्य आयसीयूंमध्ये ती खोलीच नाही.

वृद्धतज्ज्ञांनी १९९१ मध्ये 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी' असं एका प्रसंगाला नाव दिलं. दूर राहणारं अपत्य शेवटच्या क्षणी येतं आणि जवळच्यांनी मनाशी केलेली तयारी मोडून "सगळं करा" म्हणतं. पुण्या-मुंबईच्या, सांगली-कोल्हापूरच्या किती घरांत हे न्यू जर्सीहून येणाऱ्या मुलाच्या रूपाने घडतं! त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. तो दोन वर्षांपूर्वीच्या बाबांना भेटायला निघालेला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर पहिल्या दिवसापासून बसवलं तर विमानातून उतरल्यावर तो परका राहत नाही. त्याच्याइतकीच महत्त्वाची, आणि जास्त वेळा विसरलेली व्यक्ती म्हणजे पत्नी. चाळीस वर्षं ज्याच्यासोबत काढली त्याला काय आवडलं असतं हे तिलाच ठाऊक असतं, आणि आयसीयूबाहेर सही करायला मुलाला बोलावतात.

प्रश्न कसा विचारला जातो यावर उत्तर ठरतं. "छाती दाबू का?" याला मुलगा नाही म्हणूच शकत नाही, नाही म्हटलं की बापाला मारल्याचं ओझं त्याच्यावर. "ते आत्ता इथे बसून आपलं बोलणं ऐकत असते तर काय म्हणाले असते?" या प्रश्नावर लोक बोलू लागतात. "नळ्यांत मरायचं नाही, असं अण्णा कायम म्हणायचे," अशी वाक्यं तेव्हा बाहेर येतात. आणि त्यानंतर डॉक्टरने शिफारस करायला हवी, स्पष्ट शब्दांत, स्वतःच्या नावाने. "निर्णय तुमचाच" म्हणून बाजूला होणं हा रुग्णाच्या स्वातंत्र्याचा आदर नव्हे.

शेवटची अवस्था स्वीकारून उपाय सोडून देणं मराठी माणसाला अनोळखी नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. पण तो एका साधकाचा पूर्ण शुद्धीतला निर्णय होता. सामान्य माणसाला त्या तयारीची अट घालता येणार नाही. त्याच्यासाठी यंत्र काढल्यानंतरची सोय करावी लागते : धाप लागू नये म्हणून मॉर्फिन, तळमळ होऊ नये म्हणून झोपेचं औषध, घशातली घरघर कमी करणारं इंजेक्शन, अंगावरचे निरुपयोगी मॉनिटर बंद, आणि घरच्यांना उशाशी बसायला जागा. तुळशीपत्र आणि पाण्याचे दोन थेंब तोंडात घालायला आयसीयूत कुठलाही वैद्यकीय आक्षेप असू नये.

इथे आपण फार मागे आहोत. जगातल्या देशांची मृत्यूकाळच्या शुश्रूषेनुसार यादी केली तेव्हा २०१० मध्ये चाळीस देशांत भारत चाळिसावा होता, २०१५ मध्ये ऐंशीत सदुसष्टावा. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं वेदनाशामक शुश्रूषेचं केंद्र आहे. मॉर्फिन मिळवण्याची कटकट कमी करायला २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. केरळने २००८ मध्येच वेदनाशामक शुश्रूषेचं धोरण आखलं आणि गावोगाव स्वयंसेवक उभे केले. महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांत अजूनही आयसीयूतून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती वेदनेचं औषध आणि भेट देणारी परिचारिका सहज मिळत नाही. विमा कंपन्या आयसीयूचा दिवस मोजतात, घरच्या शुश्रूषेचा सहसा मोजत नाहीत. देशातल्या आरोग्यखर्चाचा सुमारे चाळीस टक्के भाग लोक अजून स्वतःच्या खिशातून भरतात. डामाचं मूळ तिथे आहे. घरी न्यायची इच्छा चुकीची नाही. बहुतेकांना घरीच जायचं असतं. त्यांना सल्ल्याविरुद्ध जावं लागतं, हे चूक आहे.

इच्छापत्र करायचं असेल तर ते आजारी पडण्याची वाट न बघता करावं. वय अठरा पूर्ण आणि मन स्थिर, एवढी अट. त्यात कोणत्या अवस्थेत कोणते उपाय नकोत हे सोप्या मराठीत लिहावं. "कृत्रिम उपाय नकोत" इतकं मोघम लिहिलं तर डॉक्टरला त्याचा उपयोग होत नाही. एक प्रत कुटुंबाकडे, एक नेहमीच्या डॉक्टरकडे, एक महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या, इच्छापत्रं जपणाऱ्या अधिकाऱ्याकडे. आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस निवडताना मोठ्या मुलाचं नाव सवयीने लिहू नये. जो रडतानाही डॉक्टरला प्रश्न विचारू शकेल, भावंडांचा राग सोसेल, आणि स्वतःची इच्छा बाजूला ठेवून आपली सांगेल, असा माणूस निवडावा. कधी ती सून असते, कधी धाकटी बहीण, कधी शेजारचा मित्र. त्याचं नाव बाकीच्यांसमोर, एखाद्या रविवारी जेवणं झाल्यावर, सगळे जमलेले असताना सांगून टाकावं.